शाखा निवडण्याआधी ट्रॉलीकडे बघा

फळ्यापलीकडे

मुलांनो,

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वणीत दोन गोष्टी भरपूर वाटल्या जातात. एक पेढे आणि दुसरे सल्ले. पेढे दोन दिवसांत संपतात, सल्ले मात्र ॲडमिशन होईपर्यंत चालूच राहतात. "कॉम्प्युटर घे, दुसरं काही बघूच नको." "सिव्हिलला मरण नाही." "मेकॅनिकल म्हणजे सगळ्या शाखांचा राजा." सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज आतून पाहिलेलं नसतं, पण आवाज मात्र ठाम!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, तुम्ही तर पहिली ते चौथीला शिकवता. तुम्हाला इंजिनिअरिंगचं काय कळणार?" खरं आहे. मी डी. एड. केलेली बाई. पण माझ्याकडे पाढे म्हणणारी मुलं मोठी होतात आणि प्रवेशाचा अर्ज भरायच्या वेळी आईवडिलांना घेऊन माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. त्यामुळे मला वाचावं लागतं, विचारावं लागतं, कागद तपासावे लागतात. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते. सातवी-आठवीतल्यांनीही वाचा बरं का. निवड बारावीनंतर करायची असली तरी डोळे उघडे ठेवायला आत्तापासूनच सुरुवात करायची असते.

एका ट्रॉलीत किती शाखा?

सप्तशृंगी गडावर तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. गावापासून मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. २०१८ सालापासून तिथे फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. म्हाताऱ्या आजी, लहान बाळं, पायाने अधू माणसं आता पायऱ्या न चढता वर जातात.

फनिक्युलरची युक्ती मोठी मजेची आहे. उतारावर रूळ टाकतात. जाड पोलादी दोराच्या दोन टोकांना दोन डबे बांधतात. एक डबा खाली येताना दुसऱ्याला वर खेचायला मदत करतो. विहिरीवरच्या रहाटाला दोन बादल्या बांधल्या तर कसं होईल, तसंच. म्हणून मोटारीला दोन्ही डब्यांचं सगळं वजन उचलावं लागत नाही. दोन्हींतला फरक आणि घर्षण एवढंच तिच्या वाट्याला येतं.

आता सांगा, हे काम कोणत्या शाखेच्या इंजिनिअरचं?

डोंगराच्या कातळाला धक्का न लावता पाया घालायचा, रूळ बसवायचे, पावसाळ्यात दरड येऊ नये म्हणून बंदोबस्त करायचा. हे सिव्हिलचं काम. चाकं, कप्पी आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक, हे मेकॅनिकलचं. मोटार, तिला लागणारी वीज आणि वीज गेली तर काय करायचं याची सोय, हे इलेक्ट्रिकलचं. डबा नेमका कुठे पोचला, वेग किती आहे, दार नीट लागलं का, हे सांगणारी यंत्रणा इलेक्ट्रॉनिक्सची. तिकिटांचा हिशेब आणि गर्दीची नोंद कॉम्प्युटरवर. आणि दोराचं पोलाद? रोज ताणलं जाऊनही ते तुटू नये यासाठी धातूशास्त्र, म्हणजे मेटलर्जी.

बघा, डबा एकच आणि शाखा सहा! त्यातली एक जरी कच्ची राहिली तर आपण आजीला त्यात बसवू का? म्हणून "सगळ्यांत चांगली शाखा कोणती" हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. "या डब्यातलं कोणतं काम करायला मला आवडेल?" असं विचारावं.

शाखा आल्या कुठून?

शाखा काही आभाळातून पडलेल्या नाहीत. लोकांना गरज पडली तशा त्या निघाल्या. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली सुरू झालं, तेव्हा सरकारला रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधणारी माणसं हवी होती. म्हणून तिथलं शिक्षणही बांधकामाचं. पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या, यंत्रं सांभाळणारी माणसं हवी झाली आणि १८८७ साली व्ही. जे. टी. आय. निघालं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. कॉम्प्युटरची शाखा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. आणि हैदराबादच्या आय. आय. टी.ने कृत्रिम बुद्धिमत्तेचा वेगळा बी. टेक. अभ्यासक्रम सुरू केला तो २०१९ साली.

याचा अर्थ काय? तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा आज नसलेली एखादी शाखा असेल आणि आज जिच्यापुढे रांग आहे तिची रांग कमीही झालेली असेल. फक्त आजची रांग बघून उभं राहू नये, ते यासाठीच.

आपल्या आसपासच्या शाखा

वणीहून फार लांब जायला नको. ओझरखेडचं धरण आपल्या शेजारी. पुणेगाव, करंजवण, वाघाड, पालखेड ही सगळी आपल्याच तालुक्यातली. ही सिव्हिलची कामं. तुम्हाला ठाऊक आहे का, भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्यात शिकले आणि १८८४ साली त्यांची पहिली नेमणूक झाली ती नाशिकला! पुढे खडकवासला धरणाला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठू लागलं. पूर आला की दरवाजे आपले आपण उघडायचे. त्यांचा १५ सप्टेंबर हा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. ज्याला उन्हातान्हात उभं राहून काम बघायला, नकाशा वाचायला, माणसांशी बोलायला आवडतं, त्याने सिव्हिलचा विचार जरूर करावा. ज्याला धूळच सोसत नाही त्याने आधी दहा वेळा विचार करावा.

ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. मिग विमानं तिथे तयार झाली, मग सुखोई झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे तयार झालेल्या तेजस विमानाने पहिलं उड्डाण केलं. विमान म्हटलं की मुलांना वाटतं, एरोनॉटिकलच घ्यायला हवं. पण विमानाच्या कारखान्यात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेटलर्जी अशा सगळ्यांनाच काम असतं. विमानाजवळ पोचायची वाट एकच नाही.

आणि आपली द्राक्षं! घड काढल्यावर काही तासांत त्यातली उष्णता काढून घ्यावी लागते, तरच ती जहाजातून परदेशापर्यंत टिकतात. ठिबक, फवारणीचं यंत्र, प्रीकूलिंग, शीतगृह या सगळ्याचा अभ्यास ज्या शाखेत होतो तिचं नाव कृषी अभियांत्रिकी. आपल्या तालुक्यात मोहाडीला 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांची मोठी कंपनी उभी आहे. ती उभी करणाऱ्या विलास शिंदे यांचं शिक्षण कृषी अभियांत्रिकीतलंच. राहुरीच्या कृषी विद्यापीठात या शाखेचं कॉलेज आहे. द्राक्षाच्या बागेत वाढलेली आपली मुलं मात्र या शाखेचं नावसुद्धा घेत नाहीत! तिचे प्रवेश कृषी शाखांच्या वेगळ्या प्रक्रियेतून होतात, तेवढं लक्षात ठेवा.

अर्धा एकर आणि एक स्टार्टर

मागच्या वर्षीची गोष्ट. माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेली एक मुलगी वडिलांसोबत आली. सीईटीला गुण बरे होते, पण खूप नाही. तिला इलेक्ट्रिकल हवं होतं. घरच्या बागेतल्या मोटरीचा स्टार्टर का पडतो, एक फेज गेली तर मोटर का जळते, हे ती वायरमन काकांना विचारून विचारून शिकली होती. वडिलांचं म्हणणं वेगळं.

"बाई, अर्धा एकर काढला तरी चालेल, पण पोरगी कॉम्प्युटरलाच घालायची. एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट भेटते म्हणतात. पोरीच्या जातीने काय खांबावर चढायचं का?"

मी विचारलं, "भाऊ, खांबावर इंजिनिअर चढतो का वायरमन?"

ते हसले, पण विचारात पडले. मग आम्ही तिघांनी कागद-पेन्सिल घेतली. एका बाजूला कोट्यातल्या सीटची चार वर्षांची फी लिहिली, वसतिगृह, मेस, येणंजाणं लिहिलं. दुसऱ्या बाजूला सरकारी प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅपमधून मिळू शकणारी इलेक्ट्रिकलची सीट लिहिली. आणि तिथे एक मोठा फरक दिसला.

पालकांनो, हे नीट वाचा. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने मुलींसाठी एक सवलत दिली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल आणि मुलगी इतर मागास वर्ग, एसईबीसी किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ होतं. पण अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे कागद वेळेत काढून ठेवा. निकालानंतर सेतू कार्यालयात केवढी रांग असते ते तुम्हाला माहीतच आहे.

वडील त्या कागदाकडे खूप वेळ बघत बसले. शेवटी म्हणाले, "म्हणजे रान विकून जे घ्यायचं ते तिला नकोय, आणि तिला जे हवंय त्याला रान विकावं लागत नाही." मला काही बोलायची गरजच उरली नाही. पोरगी आता इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी गणिताने तिला चांगलंच रडवलं, पण सुटली. पुढे तिचं काय होईल ते तिच्या अभ्यासावर. अर्धा एकर मात्र अजून घरचाच आहे.

मुलींनो, "ही शाखा मुलींची नाही" असं कोणी म्हणालं तर सुधा मूर्तींची गोष्ट सांगा. १९७४ साली पुण्याच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की महिलांनी अर्ज करू नयेत. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून विचारलं, असं का? त्यांना मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली.

शाखा म्हणजे तुरुंग नव्हे

काहींना भीती वाटते, की एकदा शाखा चुकली की जन्म फुकट गेला. तसं नसतं. ही चार माणसं बघा.

बेळगाव जिल्ह्यातले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार कसे होणार? पण ते घरी परतले नाहीत. रंग लागत नाहीत असं चित्र त्यांनी धरलं, ते म्हणजे यंत्राचं ड्रॉइंग. पुढे व्ही. जे. टी. आय.मध्ये ते शिकवू लागले. नंतर लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते असं वाटून सुरुवातीला शेतकरी तो घेईनात, तरी ते मागे हटले नाहीत. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

अनिल काकोडकर १९६३ साली व्ही. जे. टी. आय.मधून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात गेले. 'ध्रुव' अणुभट्टी घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. शाखा मेकॅनिकल, काम अणूचं!

वसंत गोवारीकर केमिकल इंजिनिअर. त्यांनी अग्निबाणाचं घन इंधन तयार करण्याचं काम केलं आणि पुढे मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या नव्या पद्धतीच्या मागेही तेच होते.

आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. १९६५ साली ते नागपूरच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले, तेव्हा तिथे कॉम्प्युटर नावाची शाखाच नव्हती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम' हा महासंगणक तयार झाला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. यांतल्या प्रत्येकाने हाती आलेला विषय आधी पक्का केला आणि मगच कुंपण ओलांडलं. शाखा बदलता येते म्हणून कोणतीही घेऊन टाका, असा याचा अर्थ काढू नका. पाया कच्चा ठेवून कोणी पलीकडे गेलेलं मी ऐकलेलं नाही.

तीन चाळण्या

आता प्रत्यक्ष निवड कशी करायची? धान्य चाळतो तशा तीन चाळण्या लावा.

पहिली चाळणी कामाची. शाखेचं नाव विसरा, त्या इंजिनिअरचा दिवस कसा जातो ते विचारा. कॉम्प्युटरवाला तासन्तास एका जागी बसून चूक शोधत असतो. मोबाईलवर गेम खेळायला आवडणं वेगळं आणि गेममधली चूक शोधत बसणं वेगळं! मेकॅनिकलवाल्याच्या हाताला तेल लागतं. केमिकलवाल्याला कारखान्यात पाळीनेही काम करावं लागतं. शक्य असेल तर त्या शाखेत शिकणारा एक आणि त्या शाखेत नोकरी करणारा एक, अशा दोघांना भेटा. एकाला भेटून भागत नाही.

दुसरी चाळणी विषयांची. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळ्याच शाखांना गणित, भौतिकशास्त्र, थोडं प्रोग्रॅमिंग असतं. गणित टाळण्यासाठी कोणतीही शाखा नाही! पुढच्या वर्षांचे विषय मात्र बदलतात. विद्यापीठाचा अभ्यासक्रम मिळवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विषयांची नावं वाचा. वाचताना उत्सुकता वाटते की जांभई येते, ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा.

तिसरी चाळणी कॉलेजची आणि खर्चाची. नावाला चांगली शाखा, पण प्रयोगशाळेला कुलूप आणि शिकवायला माणूस नाही, असं कॉलेज काय कामाचं? प्रवेशाआधी एकदा तिथे जाऊन या. यंत्रांवर धूळ आहे का बघा. तिथल्या मुलांना विचारा, "प्रॅक्टिकल खरंच होतं का?" फीच्या जोडीला राहण्या-जेवण्याचा खर्च धरा. कर्ज काढणार असाल तर महिन्याचा हप्ता किती येईल ते बँकेतून आधीच लिहून आणा.

मग पसंतीक्रमाचा अर्ज. इथे पुष्कळांचा गोंधळ उडतो. तुमच्या यादीत वरून खाली बघत, गुणांप्रमाणे जी पहिली जागा मिळू शकते ती तुम्हाला दिली जाते. म्हणून मनापासून हवं ते सगळ्यांत वर लिहा, ते मिळण्यासारखं नसलं तरी खालच्या पर्यायांचं नुकसान होत नाही. पण जिथे जायचंच नाही असं नाव यादी भरायची म्हणून लिहू नका, तेच पदरात पडतं. आणि पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली की तीच घ्यावी लागते, म्हणून पहिलं नाव विचार करून लिहा. फेऱ्यांचे बाकीचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. शेजारच्या दादाने मागच्या वर्षी काय केलं यावर विसंबू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

दहावीवाल्यांसाठी आणखी एक वाट आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ज्याला हाताने काम करत शिकायला आवडतं, त्याला ही वाट कमीपणाची मुळीच नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर डिप्लोमानंतर नोकरीही धरता येते.

पालकांसाठी चार ओळी

पालकांनो, मुलाचं भलं व्हावं म्हणूनच तुम्ही आग्रह धरता, हे मी जाणते. पण चार वर्षं पहाटे उठून तो विषय वाचायचा आहे तो मुलाने. "पैसे मी भरतो, शाखा मी ठरवतो" असं म्हणू नका. खर्चाची मर्यादा तुम्ही सांगा, मोकळेपणाने आकड्यात सांगा. त्या मर्यादेत काय निवडायचं ते मुलांना ठरवू द्या. आणि ज्याला इंजिनिअरिंगच नको आहे, त्याचंही एकदा पूर्ण ऐकून घ्या.

या आठवड्याचा उपक्रम

एक जुनी वही घ्या. तुमच्या गावातली कोणतीही एक वस्तू निवडा. पाण्याची टाकी, एसटीची बस, द्राक्षाचं पॅकहाऊस, पिठाची गिरणी, काहीही चालेल. गडावरच्या ट्रॉलीचं आपण केलं तसं तिच्यात कोणकोणत्या शाखांचं काम आहे ते लिहा. मग ज्या कामाबद्दल तुम्हाला सगळ्यांत जास्त प्रश्न पडले त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करा. मात्र विजेच्या किंवा चालू यंत्राला मोठ्या माणसांशिवाय हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि विचारायचं!

दर महिन्याला वस्तू बदला. वही जपून ठेवा. बारावीला पोचाल तेव्हा लाल गोल कुठे जास्त झालेत ते मोजा, आणि सल्ले देणारे आले की त्यांच्यापुढे ती वही ठेवा.

तुमच्या,
बाई